सहलीच्या हिशेबात न धरलेली बाई

आमच्या गटातल्या आम्ही नऊजणी येत्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाणार आहोत. पाच रात्री, सहा दिवस. समुद्र पाहायचा, डोंगर पाहायचे, परत यायचं. हे ठरल्यापासून आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पैशांचा नव्हता. 'तिकडे काय आहे?' हा होता. म्हणजे परिषद आहे का, शिबिर आहे का, कुणी बोलावलंय का? काहीच नाही, नुसतं हिंडायला चाललोय, असं म्हटलं की समोरचं माणूस गोंधळतं. घरचं असलं तर रागावतं. चळवळीतलं असलं तर हसतं, आणि ते हसणं मला जास्त टोचतं.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं: बाईला नुसतं हिंडायला जाण्याचा हक्क आहे आणि त्याला कारण लागत नाही. मात्र हा हक्क बजावताना आपण जो खर्चाचा कागद मांडतो, तो नेहमीच्या पद्धतीने मांडून चालणार नाही. कारण त्या कागदावर बाई धरलेलीच नसते. जाणारी बाईही नसते आणि जिथे जायचं तिथली बाईही नसते.

आधी कारणाबद्दल. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर सभेत उभं राहून त्यांना आपण अमेरिकेला का जातो याचा खुलासा करावा लागला. इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय करशील, अशा एकेका शंकेला त्यांनी उत्तर दिलं. तेव्हा त्यांना अठरावंही पुरं झालेलं नव्हतं. या गोष्टीला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली, तरी खुलासा करण्याची आपली सवय सुटलेली नाही. बाई बाळंतपणाला माहेरी जाते, लग्नाला जाते, मर्तिकाला जाते, देवाला जाते. नोकरी करणारी ट्रेनिंगला जाते. कार्यकर्ती मोर्चाला आणि शिबिराला जाते. वारीत मैलोन् मैल चालणाऱ्या बायका मोकळ्या आवाजात गातात, हसतात, फुगड्या घालतात. तो आनंद त्यांचा हक्काचाच आहे. पण विठोबाचं निमित्त नसतं तर त्यांना घरातून वीस दिवस कुणी सोडलं असतं का?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर लिहिलेलं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. शहरात बाईला काहीतरी कामाला चालल्याचा आव आणूनच चालावं लागतं, उगाच रेंगाळण्याची मुभा तिला नसते, हा त्यातला मुद्दा आपल्यापैकी अनेकींनी गटात चर्चेला घेतला असेल. नाक्यावरच्या रेंगाळण्याला जे लागू आहे तेच परदेशातल्या सहलीलाही लागू आहे. फक्त इथे रक्कम मोठी असते, म्हणून खुलासाही मोठा मागितला जातो.

आमच्या बैठकीतही एकीने सुचवलं की आपण याला 'अभ्यासदौरा' म्हणू या. दोन संस्थांना भेटी देऊ, परत आल्यावर चार पानी अहवाल लिहू, मग कुणी नावं ठेवणार नाही. सूचना व्यवहारी होती. तरी आम्ही ती नाकारली. पुरुष मित्रांबरोबर गोव्याला जातात तेव्हा ते अहवाल लिहितात का? शिवाय अभ्यासाचं नाव घेतलं की अभ्यास नसलेल्या बाईचा हक्क आपोआप बाद होतो. आमच्यात एक निवृत्त नर्स आहे, दोन शिक्षिका आहेत, एक अंगणवाडी सेविका, दोन शिवणकाम करणाऱ्या, एक भाजी विकणारी, एक खानावळ चालवणारी आणि मी. भाजी विकणाऱ्या मैत्रिणीने तेव्हा विचारलं, "मी कसला अभ्यास करणार गं? मला समुद्रात पाय बुडवून बसायचंय." ठराव तिच्या बाजूने झाला.

आता श्रीलंकाच का? एक तर जवळ आहे. दुसरं, लहान आहे. सारा देश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडासाच मोठा. पण त्यात चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच डोंगर. कळसूबाई १,६४६ मीटर, तर तिथलं पिदुरुतलागला २,५२४ मीटर. सकाळी किनारा सोडला की संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो. आपल्या एका रुपयाला तिथले तीनहून जास्त रुपये मिळतात, त्यामुळे परदेश असूनही राहणं-खाणं आवाक्यात आहे. फेब्रुवारीत नैऋत्य किनारा आणि डोंगर दोन्हीकडे पाऊस कमी असतो. आमचा बेत असा: पहिली रात्र विमानतळाजवळच्या निगंबोला, मग कँडीवरून वर चढून दोन रात्री चहाच्या डोंगरात, शेवटच्या दोन रात्री दक्षिणेला गॉलच्या बाजूला. जास्त काही पाहण्याचा हट्ट नाही. उत्तरेचा जाफनाकडचा भाग सोडून दिला आहे. इतकी वर्षं युद्ध सोसलेल्या मुलखावरून दोन तासांत नजर फिरवून येणं आम्हाला बरं वाटलं नाही.

पासपोर्टचं सांगायला हवं, कारण आमच्यातल्या दोघींना नवऱ्याने टाकलेलं आहे आणि पासपोर्ट काढायचा तर त्याची सही, त्याचं नाव लागेल या धास्तीने त्या आधी तयारच नव्हत्या. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. लग्नाचा दाखला जोडण्याची अट गेली. विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही, घटस्फोटाचा हुकूमनामाही मागितला जात नाही. हे आपापल्या गटात मोठ्याने वाचून दाखवा. सहलीला जायचं नसलं तरी दाखवा. दोघींचे पासपोर्ट हातात आले तेव्हा त्यांतली एक नुसती ते पुस्तक उलटसुलट करून पाहत राहिली. म्हणाली, "सरकारी कागदावर पहिल्यांदाच माझ्या मागे कुणी उभं नाहीय." व्हिसाचे नियम आणि फी मात्र मधूनमधून बदलतात. ते निघण्याआधी सरकारी ठिकाणीच पाहावेत, एजंटाच्या तोंडावर विसंबू नये.

पैसे आम्ही भिशीतून उभे केले. महिन्याला दोन हजार, बावीस महिने, म्हणजे माणशी चव्वेचाळीस हजार. दोघींना दोन हजार जड जात होते. त्यांचा निम्मा वाटा बाकी सातजणींनी आपसात वाटून घेतला. मग खर्चाचा कागद मांडला. त्यावर चार ओळी होत्या: विमान, मुक्काम, जेवण, फिरणं. कुठल्याही सहलीच्या कागदावर याच चार ओळी असतात. आमचं बोलणं जसजसं पुढे गेलं, तसं लक्षात आलं की आणखी तीन ओळी लिहायला हव्यात.

पहिली ओळ घरातल्या कामाची. केंद्र सरकारची २०२४ सालची वेळवापराची पाहणी सांगते की घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष हे काम करतात, त्यांची जातात ८८. सहा दिवसांचा गुणाकार केला तर एका बाईचे जवळजवळ एकोणतीस तास होतात. आम्हा नऊजणींचे मिळून दोनशे साठ. आम्ही नसताना हे दोनशे साठ तास कोण भरणार? अनुभव असा की जाणारी बाईच ते आगाऊ भरून जाते. आठवडाभर आधीपासून चटण्या, भाजण्या, दशम्या. सासऱ्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत. गॅसचं सिलिंडर भरलेलं, युनिफॉर्म इस्त्री केलेले, फ्रिजवर सूचनांचा कागद. आणि परत आल्यावर बेसिनमधल्या भांड्यांचा डोंगर. हा डोंगर बघायला पासपोर्ट लागत नाही! दुप्पट राबून मिळवलेल्या सुट्टीला मी सुट्टी म्हणणार नाही. ती कामाची नुसती अदलाबदल झाली.

म्हणून आम्ही असं ठरवलं आहे की निघण्याआधी कुणी काहीही करून ठेवायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना दोन महिने आधी तारीख सांगायची आणि त्यांचं त्यांनी ठरवायचं. या एका ठरावावर जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरून झाली नाहीत. एकीचा मुलगा इंजिनिअर आहे, चोवीस वर्षांचा. त्याने विचारलं, "पण मग आम्ही जेवणार काय?" आणि खरं सांगायचं तर विरोध फक्त घरातून नव्हता, आमच्या आतूनही होता. आपल्यावाचून सहा दिवस घर चाललं तर आपली किंमत कमी होईल, ही भीती एकीने बोलून दाखवली आणि बाकीच्या गप्प झाल्या. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या बाईला घरातलं स्थान फक्त कामाने मिळालेलं असतं, तिला कामातून बाहेर पडणं धोक्याचं वाटणारच. पण सहा दिवसांनी घरच्यांना आपल्या कामाचं वजन कळलं तर ती किंमत वाढण्याचीही शक्यता आहे.

दुसरी ओळ भीतीच्या खर्चाची. स्वस्त प्रवासाचे सल्ले देणारे सांगतात: रात्रीची बस धरा, एका रात्रीचा मुक्काम वाचतो. स्टेशनजवळची साधी खोली घ्या. गर्दीच्या बसमध्ये स्थानिक लोकांबरोबर प्रवास करा. हे सल्ले कुणासाठी लिहिलेले असतात? संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने श्रीलंकेतल्या सार्वजनिक वाहतुकीबद्दल केलेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. बस आणि रेल्वेत लैंगिक त्रास सोसावा लागल्याचं ९० टक्के बायका-मुलींनी सांगितलं होतं. पोलिसांची मदत मागितली होती फक्त ४ टक्क्यांनी. हे वाचून 'बघा, तो देश वाईट' असं म्हणायची आपल्याला सोय नाही. आपल्याकडच्या संध्याकाळच्या एसटीत काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. मुद्दा एवढाच की स्वस्त पर्याय पुरुषाला जितका स्वस्त, तितका बाईला कधीच नसतो. ती उजेडी पोचणारी गाडी घेते, आतून कडी नीट लागणारी खोली घेते, चार जास्तीचे पैसे देऊन भरवशाचं वाहन ठरवते. बाई असल्याचा हा कर आपण रोज भरतो आणि हिशेबात त्याला 'किरकोळ' म्हणतो. आम्ही तो स्वतंत्र ओळ करून लिहिला. नऊजणींत एक मोठी गाडी, अंधार पडायच्या आत मुक्कामाला. त्यामुळे माणशी काही हजार वाढले. वाढू देत, पण ते कशाचे हे कागदावर दिसू दे.

डोंगरातली कँडीकडून वर जाणारी रेल्वे फार सुंदर, असं सगळे सांगतात. पण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळात तिथे सहाशेहून जास्त माणसं गेली, डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि हा मार्गही ठिकठिकाणी उखडला. त्यामुळे गाडी कुठपासून कुठपर्यंत चालते हे निघण्याआधी विचारायचं आणि चालत असेल तेवढ्या तुकड्यात बसायचं, असं ठरलं आहे.

याच ओळीत समुद्रही येतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. भारत, इंडोनेशिया आणि श्रीलंकेतल्या अनेक किनाऱ्यांवर मेलेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या, हे नंतर केलेल्या पाहण्यांत दिसलं. कारणं निसर्गातली नव्हती. मुलग्यांना पोहायला, झाडावर चढायला शिकवलं होतं, मुलींना नव्हतं. कुणी अंगावरच्या कपड्यांत अडकली, कुणी मुलांना आणि म्हाताऱ्यांना शोधत मागे राहिली. मुलीने पाण्यात उतरू नये, तिचं ओलं अंग दिसतं, ही आपली सभ्यता. त्या सभ्यतेची किंमत बायकांनी जीव देऊन मोजली. तेव्हा पाण्यात खेळणं ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये. आमच्यात पोहता येणारी एकच आहे. बाकीच्या आठजणी किनाऱ्याला निदान गुडघाभर पाण्यात उभ्या राहणार आहेत, ज्या कपड्यात सोयीचं वाटेल त्या कपड्यात.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड: तिथल्या बाईची मजुरी. श्रीलंका आपल्याला स्वस्त वाटते ती का? विमानातून उतरतो ते कटुनायकेला. विमानतळाला लागूनच १९७८ साली सुरू झालेलं मुक्त व्यापार क्षेत्र आहे. तिथे तयार कपड्यांच्या कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या तरुण मुली शिवणयंत्रांवर बसतात आणि आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. त्यांच्यासाठी १९८४ साली 'दाबिंदू' नावाचं पत्र सुरू झालं. दाबिंदू म्हणजे घामाचे थेंब. आपल्यासारखंच एक छोटं पत्र, त्यातून कामगार बायकांची संघटना उभी राहिली. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या दोघींना हे सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, "पीसवर देतात की महिन्यावर?" तिला तो देश त्या क्षणी परका राहिला नाही.

पुढे वर गेलं की चहा. चहाच्या मळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत: हिरवेगार उतार, त्यावर रंगीत साड्यांतल्या बायका, पाठीला टोपली. या बायका बहुतेक तमिळ. त्यांच्या पणज्यांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर आणलं. मुकादमाला तिथे कंगाणी म्हणत. आपल्या ऊसतोड मजूर बायकांना हा शब्द नवीन असेल, माणूस ओळखीचा असेल. १९३१ साली, म्हणजे आपल्या कितीतरी आधी, सिलोनमधल्या सर्व प्रौढ बायकांना मतदानाचा हक्क मिळाला याचं आपण कौतुक करतो. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरच्या लाखो तमिळ माणसांना मात्र कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. १९६० साली सिरिमाव बंदरनायके जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्यांनीच १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींबरोबर करार केला: सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. माणसं अशी वाटून घेतली गेली. जन्मात समुद्र न ओलांडलेल्या बायकांना 'परत' पाठवलं गेलं. राहिलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. बाई सत्तेवर असली की बायकांचं आपोआप भलं होतं असं समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

मजुरीसाठी त्यांचा लढा फार जुना आहे. दिवसाला हजार रुपये मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं मागणी झाली, तेव्हा २०२१ साली ते मान्य झाले. २०२४ मध्ये मूळ रोज १,३५० वर आला आणि २०२६ च्या अंदाजपत्रकात तो १,५५० करण्याची घोषणा झाली. हे तिथले रुपये. आपल्या पैशांत १,३५० म्हणजे चारशेच्या आतबाहेर. त्यासाठीही ठरलेले किलो भरावे लागतात. कमी पडले तर पुऱ्या दिवसाची हजेरी लागत नाही. राहायला इंग्रजांच्या काळातल्या 'लाइनी', एकाला एक लागून बांधलेल्या अंधाऱ्या खोल्या. आणि त्याच डोंगरात मळेवाल्या साहेबांचे जुने बंगले आता पाहुण्यांना राहायला मिळतात. काही ठिकाणी पाहुण्या बायकांना साडी नेसवून, पाठीला टोपली देऊन फोटो काढायची सोयही असते.

मळ्यातल्या बाया फोटोचे पैसे मागतात अशी तक्रार जाऊन आलेले लोक करतात. का मागू नयेत? ती कामावर आहे. तिची टोपली भरली नाही तर रोज कापला जाणार. तुमच्यासाठी ती थांबते, हसते, मान वळवते, म्हणजे तुमचं काम करते. जी मजुरी मळ्याने पुरती दिली नाही तिच्यातला थोडा भाग ती तुमच्याकडे मागते. आम्ही ठरवलं आहे की टोपली घेऊन आपले फोटो काढायचे नाहीत. तिचा काढायचा तर विचारून, पैसे देऊन. नाहीतर नुसतं बोलायचं. आमच्या नर्स मैत्रिणीला तमिळ येतं. फोटोपेक्षा ते आम्हाला जास्त कामाला येणार आहे.

मुक्कामाचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं, त्यानंतर वादळ. अशा देशात जाऊन खोलीचे दोनशे रुपये कमी करून घेतले म्हणून फुशारकी मारायची, हे मला पटत नाही. खोलीचे पैसे मालकाला कमी पडले की तो पहिल्यांदा चादरी धुणाऱ्या बाईचे कापतो. म्हणून आम्ही घरगुती मुक्काम शोधतो आहोत, जिथे घरातली बाई स्वतः व्यवहार करते आणि पैसे तिच्याच हातात पडतात. खोल्या साध्या चालतील, तिघी एका खोलीत झोपू, जेवण एका वेळचं बाहेर, एका वेळचं डाळभात. आपल्या अंगाला जे सोसेल ते खुशाल कापू. दुसरीच्या मजुरीतलं कापायचं नाही.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला सरळ विचारलं, "आपल्या गावातल्या बायका पोटासाठी वणवण करतात आणि तुम्ही चव्वेचाळीस हजार घालून समुद्र बघणार?" प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यातच उत्तरही आहे. गरीब बाई प्रवास करत नाही असं नाहीच मुळी. ती उसाच्या फडावर जाते, वीटभट्टीवर जाते. श्रीलंकेतली बाई याच कटुनायकेच्या विमानतळावरून आखातात घरकामाला जाते. रिझाना नफीक ही मुत्तूरची मुलगी अशीच सौदी अरेबियात गेली. तिच्या जन्मदाखल्याप्रमाणे ती तेव्हा सतरा वर्षांची होती. सांभाळायला दिलेलं बाळ दगावलं, खुनाचा आरोप आला आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला मृत्युदंड दिला गेला. त्याच वर्षी श्रीलंकेच्या सरकारने नियम काढला: परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईने कौटुंबिक परिस्थितीचा अहवाल द्यावा. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर जाऊ नये, मोठी असतील तर त्यांना कोण सांभाळणार ते दाखवावं. परदेशी जाणाऱ्या बापाला असा अहवाल कधी मागितला नाही. या नियमात पुढे बदल झाले, पण 'घरी कोण बघणार?' हा प्रश्न सरकारी छापील कागदावर कसा दिसतो ते त्यातून कळलं.

म्हणजे बाईला घराबाहेर पडायला राबण्यासाठी परवानगी आहे, तीसुद्धा अटींवर. स्वतःसाठी पडायचं तर मुळीच नाही. गरीब बाईचा प्रवास हा नेहमी कुणाच्या तरी कामाचा असतो. तिलाही एकदा बिनकामाचा प्रवास मिळावा, असं म्हणणं ही चळवळीची मागणी का असू नये? आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ही कामगारांची जुनी घोषणा आहे. त्यातले शेवटचे आठ तास बायकांच्या वाट्याला अजून आलेलेच नाहीत. आपणही मजुरीसाठी भांडलो, हिंसेविरुद्ध भांडलो, जमिनीसाठी भांडलो. फुरसतीसाठी मात्र आपण मोठ्याने कधी बोललो नाही, कारण आपल्यालाच ते थोडं लाजिरवाणं वाटतं.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी श्रीलंकेला जावं असं माझं म्हणणं नाही. कुणाची सहल तारकर्लीला असेल, कुणाची शेजारच्या तालुक्यातल्या धरणावर. पण आपल्या गटांच्या वार्षिक जमाखर्चात 'हिंडणं' नावाची एक ओळ असावी, कारण न विचारता. जिला पैसे कमी पडतात तिचा वाटा बाकीच्यांनी उचलावा. जाण्याआधी घरातलं काम आगाऊ करून ठेवायचं नाही, हा ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. आणि ज्या गावी जाल तिथे आपलं अंथरूण कोण घालतं, भांडी कोण घासतं आणि तिला काय मिळतं, एवढं विचारल्याशिवाय 'स्वस्तात झालं' असं म्हणू नये. या चार गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. भांडणं बरीच लागतात. तुमच्या गटात ती कशी झाली आणि काय ठरलं, ते जरूर लिहून कळवा.